मॅमॉ ऑर्फाची हाळी

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा आर्वेला शेगडीपाशी शेंगांच्या बरण्या उकळत उभी होती. ॲप्रनला हात पुसत तिने फोन उचलला.

"आफेला," पलीकडून कोणीतरी म्हणालं, "माझे दाफ गेले."

"कोण बोलतंय?"

"मी होबार्ट! दाफ गेले माझे. फळ्याफ पडले."

हळूहळू उलगडा झाला तो असा. होबार्टकाका भल्या पहाटे तळ्यावर मासे धरायला गेले होते. गळाला मोठा मासा लागला, आनंदाने त्यांनी आरोळी ठोकली, आणि तोंडातली नवी कोरी कवळी बोटीच्या काठावरून थेट पाण्यात. मासाही गेला. चिंक्वापिन खोऱ्यातली निम्मी घरं फोनच्या एकाच तारेवर होती, त्यामुळे मध्येच कोणीतरी खुदकन हसलं.

"लुडेमा, फोन खाली ठेव!" होबार्टकाका ओरडले.

आर्वेलालाही हसू येत होतं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आतच तिला नाच आठवला. त्याच दिवशी दुपारी आगीच्या बंबाच्या शेडमध्ये नाच होता. बंब बाहेर उभा करायचा, जमीन धुऊन काढायची आणि सगळ्या खोऱ्याने नाचायचं, हा दर ऑगस्टचा रिवाज. आजवर तिथे होबार्टकाकांचे भाऊच वाजवत आले होते. यंदा त्या भावांमध्ये एका शिकारी कुत्र्यावरून अशी जुंपली की एक फिडल घेऊन घरी बसला आणि दुसरा बॅन्जो घेऊन. म्हणून तर आर्वेला आणि तिच्याबरोबर वाजवणाऱ्या तिघी मैत्रिणींना बोलावणं आलं होतं. पहिलंच. आणि नाचाची हाळी देणार होते होबार्टकाका. चार-चार जोड्या चौक करून उभ्या राहतात. कुणी कुणाचा हात धरायचा, कुठे वळायचं, हे हाळी देणारा तालावर ओरडून सांगतो. तो नसेल तर सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत उभे.

"काका, बिनदातांनी नाही का जमणार?"

"डावा म्हणालो फर लोकांना काय ऐकू येईल, फूच सांग."

आर्वेलाने फोन ठेवला आणि ओसरीवर आली. तिथे तिची सासू शेंगांचे दोर काढत बसली होती. नातवंडांनी ठेवलेलं 'मॅमॉ' हे नाव आता सगळं खोरं वापरत असे. मॅमॉ ऑर्फा सत्तरीच्या पुढची, काठीसारखी ताठ, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गाय तिच्या एका हाकेला चरणं सोडून घराकडे निघे.

"कोण मेलं?" मॅमॉने विचारलं. फोन आला की ती हेच विचारी.

"कोणी नाही. होबार्टकाका येत नाहीत. आजचा नाच बुडाला म्हणायचा."

"काय?"

"नाच बुडाला!" आर्वेला ओरडली.

"बरं झालं. तेवढ्याच शेंगा निवडून होतील."

मॅमॉचा बॅन्जोवर दात होता. आर्वेलाच्या बापाचा तो बॅन्जो. लग्नात ती दुसरं काही विशेष घेऊन आली नव्हती. "डब्यात बोका कोंडलाय" असं म्हणून मॅमॉने त्याला पहिल्याच महिन्यात घराबाहेर काढलं. तेव्हापासून आर्वेला मांसाला धुरी द्यायच्या खोपीत बसून वाजवी. घरात कुठलं भांडं कुठे ठेवायचं, मक्याच्या पावात किती मीठ घालायचं, नवऱ्याचे, रेफर्डचे, मोजे कसे दुमडायचे, सगळ्याला मॅमॉचा हुकूम असे. पण त्या खोपीत मॅमॉ कधी पाऊल टाकत नसे. तेवढी जागा आर्वेलाची.

बाकीच्या तिघी तिला शिवणाच्या कारखान्यात भेटल्या. ड्रीमा फिडल वाजवायची. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची आणि मधल्या वेळात कारखान्यात पँटचे खिसे शिवायची. ट्वायला सगळ्यांत धाकटी, गिटारवाली, तोंडाची फटकळ. आणि नेडा. ही एवढी धिप्पाड बाई, हातात माणसाएवढा उभा बेस, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. जेवणाच्या सुट्टीत चौघी माल चढवायच्या फलाटावर बसून वाजवत. आज्या-पणज्यांपासून चालत आलेल्या चाली. कागदावर कुणीच लिहिलेल्या नाहीत, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेलेल्या.

"बुडाला कसला?" आर्वेलाने सांगितल्यावर ट्वायला म्हणाली. "हाळी मी देते. लहानपणापासून ऐकतेय. त्यात काय एवढं!"

दुपारी नेडाच्या लांबलचक गाडीत सगळ्या बसल्या. बेसची मान मागच्या काचेतून बाहेर. मॅमॉही आली होती. नाचाला नाही, असं तिने दोनदा बजावून सांगितलं. सुकवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक तिने बंबवाल्यांसाठी केला होता आणि आर्वेलाच्या हाती दिला तर ती तो वाटेत कलंडवील, अशी तिची खात्री होती.

शेड माणसांनी फुलली होती. ड्रीमाने फिडलचा गज उचलला, आर्वेलाने ताल धरला आणि पहिले काही क्षण असं वाटलं की सगळं झकास जमणार. मग ट्वायलाने हाळी द्यायला सुरुवात केली. पहिला फेरा नीट झाला. दुसऱ्यात तिने बायकांना डावीकडे आणि पुरुषांनाही डावीकडेच पाठवलं. तिसऱ्यात पुढची ओळ विसरली आणि नुसतंच "फिरा! फिरा!" म्हणत राहिली, तर लोक खरंच फिरत राहिले. पोस्टमन आणि पाद्र्यांची मेहुणी यांची टक्कर झाली. एक चौक दुसऱ्या चौकात घुसला. कुणाची तरी टोपी नेडाच्या पायाशी येऊन पडली. मागच्या बाकावरून एक पुरुषी आवाज आला, "अगं बायांनो, त्यापेक्षा स्वयंपाक करा!" आणि हशा पिकला.

ट्वायलाचे कान लालबुंद झाले. आर्वेलाचा हात चालू होता, पण डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. दाराशी दोन-चार जोड्या टोप्या शोधायला लागल्या.

तेवढ्यात केकच्या टेबलामागून आवाज आला.

"थांबा तिथेच!"

गाईला मारायची तीच हाक. सगळी शेड जागच्या जागी थिजली. मॅमॉ ऑर्फा हातातल्या मोठ्या चमच्यासकट मध्यभागी चालत आली. तिला पसारा बघवत नसे. मग तो मांडणीतला असो की माणसांचा.

"पोस्टमन, तुझा डावा हात कुठला? हा? हा उजवा, गाढवा! चर्चच्या रविवारच्या शाळेत मीच तुला शिकवला होता, तेव्हाही तू चुकायचास. चला, चौक धरा. वर्जिल, पोट आत. बायको उजवीकडे. तुझी बायको, वर्जिल!"

चौक पटापट उभे राहिले. मॅमॉ आर्वेलासमोर येऊन थांबली आणि तिच्या हाताकडे टक लावून बघत म्हणाली, "हं. वाजव."

आर्वेलाने बॅन्जो छेडला. मॅमॉ क्षणभर नुसती बघत राहिली, मग तिने चमचा वर केला.

"हात धरा नि गोल करा, अर्धा फेरा उलट फिरा! आपली सोडा, पुढची घ्या, तिलाही एक गिरकी द्या! पुढची झाली, मागची आली, स्वतःची कुठे हरवून गेली? सापडली का? घट्ट धरा, घरापर्यंत नाचत न्या!"

शेडचे पत्रे थरथरले. लोक हसत होते, धापा टाकत होते, पण एकाचाही पाय चुकत नव्हता. चुकवायची कुणाची छाती होती? स्वयंपाकाची आठवण काढणाऱ्या त्या गृहस्थाला मॅमॉने बाकावरून उठवून नेमकं पुढच्या चौकात उभं केलं आणि संपेपर्यंत बसू दिलं नाही.

गाडीत परतताना ट्वायला म्हणाली, "मॅमॉ, हे सगळं कुठे शिकलात?"

"ही शेड नव्हती तेव्हा, खाटा बाहेर काढून घरात नाचायचो," मॅमॉ म्हणाली. "मग चर्चच्या डीकनशी लग्न झालं, नि नाचणं पाप ठरलं." पण घर येईपर्यंत तिचं एक पाऊल गाडीच्या तळावर आपटत होतं.

त्यानंतर बोलावण्यांची रीघ लागली. शाळेचा कार्यक्रम, कुणाचं लग्न, कुणाच्या नव्या कोठाराचं छप्पर. सगळीकडे एकच अट: ती म्हातारी हवी. पाद्री चर्चमधल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आले आणि दिवंगत डीकनच्या पत्नीने नाच चालवणं कितपत शोभतं, असा विषय काढू लागले. मॅमॉने त्यांना गोड चहा दिला आणि म्हणाली, "मी कुठे नाचते? लोकांना शिस्तीत चालायला लावते. तुमच्या प्रवचनाला निम्मे झोपतात. माझ्याकडे एकाचा तरी डोळा मिटलाय का बघा येऊन." ते आले नाहीत, पण विषयही पुन्हा निघाला नाही.

सगळ्यांना मजा वाटत होती. आर्वेलाला सोडून.

आता सराव स्वयंपाकघरात होऊ लागला, कारण खोपीत गारठा असणार, असं मॅमॉने न पाहताच ठरवलं. चौघींनी कुठले कपडे घालायचे ते मॅमॉने ठरवलं. कुठली चाल आधी, कुठली नंतर, तेही तिनेच. आणि सगळ्यांत जास्त ती आर्वेलाच्या मागे लागे. "हळू. जरा हळू. अंगठा दिसू दे. पाठ करून बसू नकोस." ड्रीमाला ती एका शब्दाने बोलत नसे. आर्वेला मनात म्हणे, घरातली प्रत्येक वस्तू तुमची झाली, एवढी एक जागा होती, तीही घेतलीत.

सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी चौघी एक नवी चाल बसवत होत्या. वेगवान, अवखळ चाल, आणि आर्वेलाचा हात असा सुटला होता की ती स्वतःला विसरली होती. अचानक मॅमॉ पुढे आली आणि तिने पंजा पसरून बॅन्जोच्या कातड्यावर ठेवला. आवाज मेला.

आर्वेला उठून उभी राहिली. "बस्स झालं!"

"काय?"

"बस्स झालं म्हणते मी! घर तुमचं, चूल तुमची, तुमच्या लेकाचे मोजेसुद्धा तुमचे. हा बॅन्जो माझा आहे. माझ्या बापाचा. कसा वाजवायचा हे तुम्ही मला सांगायचं नाही, आणि याला हात तर मुळीच लावायचा नाही!"

ट्वायला गिटारच्या खुंट्या पिळू लागली. नेडा छताकडे बघत होती. मॅमॉने हात काढून घेतला, ॲप्रनला पुसला आणि खोलीत निघून गेली.

त्यानंतर मीठ कमी पडलं तरी मॅमॉ काही बोलेना. रेफर्ड दुधाचा ट्रक लावून आत आला की आधी दारातून दोघींचे चेहरे बघे आणि मगच टोपी काढे. ऑक्टोबरातल्या काकवीच्या जत्रेचं बोलावणं आलं होतं; मॅमॉने निरोप दिला, दुसरं माणूस बघा.

"तू जाऊन बोल," रेफर्ड म्हणाला.

"मीच का?"

"कारण ती बोलणार नाही, आणि मला रोज दोन थडग्यांच्या मध्ये बसून जेवायला नको वाटतं."

मॅमॉ मागच्या वावरात बटाटे काढत होती. आर्वेला तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. "मॅमॉ, मी जरा जास्तच बोलले."

मॅमॉ खणत राहिली.

"मॅमॉ, मी माफी मागतेय."

फावडं मातीत शिरलं, बटाटे वर आले. आर्वेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका राग! ती तरातरा वळसा घालून समोर आली, आणि मॅमॉ एवढी दचकली की तिच्या हातातलं फावडं पडलं.

"मेले, अशी चोरासारखी काय येतेस!"

"मी केव्हाची बोलतेय. मागे उभी राहून."

मॅमॉने नजर वळवली. आणि आर्वेलाला एकाएकी सगळं दिसलं. फोन आला की 'कोण मेलं', सारखं 'काय? काय?' विचारणं, चर्चमध्ये अगदी पुढचा बाक, तो डोंगर हलवणारा आवाज. सासूबाई ऐकत नाहीत, असं ती इतकी वर्षं कारखान्यात सगळ्यांना सांगत आली होती. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

ती मॅमॉसमोर मातीत बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "कधीपासून?"

मॅमॉने बराच वेळ एक बटाटा पुसला. "डीकन होता तेव्हाच डावा कान गेला. मग उजवाही हळूहळू गेला. रेफर्डला सांगू नकोस. तो मला तालुक्याला नेऊन कानात काहीतरी खुपसेल."

"मग आमचं वाजवणं?"

"फिडल नाही ऐकू येत. ती ड्रीमा नुसती हात घासताना दिसते. तो मोठा बेस पायांत जाणवतो थोडा. तुझा बॅन्जो तेवढा येतो, ठण ठण ठण. आधी त्याचाच राग यायचा. सगळं जग गप्प, देवाची गाणी गप्प, नातवंडं गप्प, आणि हेच एक भांडं वाजतंय." ती थांबली. "शेडमध्ये तुझ्या अंगठ्याकडे बघून ताल धरला. तो खाली आला की मी शब्द टाकते. तू जोरात सुटलीस की अंगठा दिसेनासा होतो गं. त्या दिवशी हात ठेवला तो तुला थांबवायला नव्हता. हाताला लागतंय का बघत होते."

आर्वेला डोळे पुसत हसली. "हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तू तरी त्या खोपीत कधी मला बोलावलंस?"

आर्वेलाने पडलेलं फावडं उचललं. दोघींनी मिळून ती ओळ खणून संपवली. टोपली उचलताना आर्वेला म्हणाली, "तुम्हाला दिसेल अशी बसेन. हात ठेवायचा तर सरावाआधी ठेवा, खुशाल ठेवा. पण वाजवायचं कसं ते मी ठरवणार."

"बघू."

"बघू नाही. हो म्हणा."

"बरं बाई, हो. टोपली सरळ धर."

काकवीच्या जत्रेला आकाश निळंशार होतं. खेचर चरकाभोवती फिरत होतं, गोड ज्वारीच्या धाटांचा हिरवा रस वाहत होता आणि कढयांवरच्या वाफेने सगळ्यांचे केस चिकट झाले होते. मैदानात फळ्या अंथरून नाचाची जागा केली होती. ड्रीमा आणि आर्वेला नेहमी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसत. आज आर्वेलाने खुर्ची उचलली आणि नाचणाऱ्यांकडे पाठ करून, मॅमॉकडे तोंड करून मांडली.

"लोकांना काय आता तुझी पाठ बघायची?" ट्वायलाने विचारलं.

"तू आहेस ना बघण्यासारखी. हस जरा."

का, ते आर्वेलाने आधीच तिघींना सांगितलं होतं. रेफर्डला मात्र नाही, शब्द दिला होता. तिने अंगठा जरा जास्त उचलून टाकायला सुरुवात केली. मॅमॉने मान डोलावली, हात कमरेवर ठेवले आणि हाळी दिली. चरकावरचं खेचर थांबलं, त्याला पुन्हा हाकलावं लागलं. त्या दुपारी फळ्यांवर एवढे चौक झाले की काहींना गवतातच नाचावं लागलं. आर्वेलाला नाचणारे दिसतच नव्हते. तिला फक्त मॅमॉचा चेहरा दिसत होता, आपल्या हातावर खिळलेला, आणि ती जितकी मोकळी वाजवी तितका तो चेहरा खुलत होता. हाताला वेग द्यायचा झाला की ती आधी भुवया उडवी; मॅमॉ समजे. दोघींनी आयुष्यात एकमेकींकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

विश्रांतीला सगळ्या नेडाच्या गाडीपाशी आल्या. मॅमॉ मागच्या फळीवर बसून पाणी पीत होती. "ड्रीमा," ती म्हणाली, "तू काय वाजवतेस ते मला कधी कळणारच नाही, पण लोक तुझ्याकडे बघून खूश दिसतात. म्हणजे बरं असणार."

मग नेडा बोलली, आणि नेडा बोलली म्हणून सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"माझा आजोबा बहिरा झाला होता. तो फिडलचं डोकं दातात धरायचा. म्हणायचा, हाडातून येतं."

"माझे दात माझे आहेत," मॅमॉ तिचे ओठ वाचत म्हणाली, "पण मी ते लाकडावर झिजवणार नाही."

"दात नको तर जबडा," ड्रीमा म्हणाली. ती मॅमॉशेजारी फळीवर चढली, फिडलचं गुंडाळीसारखं डोकं मॅमॉच्या कानाखालच्या हाडाला अलगद टेकवलं, आणि अवघडून, वाकड्या हाताने गज ओढला. एकच लांब सूर.

मॅमॉने आर्वेलाचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली.

ड्रीमाने चाल सुरू केली. मघाचीच, पण हळू. मॅमॉ डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते. पहिला भाग झाला, दुसरा झाला, ड्रीमाचा हात अवघडला तरी तिने तिसऱ्यांदा सगळी चाल पुन्हा वाजवली. पलीकडे कुणीतरी काकवीचा फेस काढायची पळी आपटत होतं, कुत्रं भुंकत होतं. ट्वायला तोंड फिरवून उगाच गाडीची काच पुसायला लागली.

सूर थांबला. मॅमॉने डोळे उघडले आणि ॲप्रनने पुसले.

"हे असं असतं होय," ती म्हणाली. मग ती ड्रीमाकडे वळली. "दुसऱ्या भागात तू एक सूर गाळतेस, ड्रीमा. माझी मावशी तिथे खाली उतरायची. असं." आणि तिने तो भाग भसाड्या, बेसूर आवाजात गाऊन दाखवला.

ड्रीमाने ऐकलं. तिने फिडल खांद्याला लावून तो सूर खाली उतरवून पाहिला, मान हलवली, पुन्हा वाजवला. "अगं बाई. बरोबर आहे हे."

"आजवर माझ्या मागे लागायच्या, आता तुझी पाळी," आर्वेला ड्रीमाच्या कानाशी म्हणाली. "सांभाळ."

"काय कुजबुजताय?" मॅमॉने विचारलं.

"काही नाही! चला म्हणतेय, लोक उभे आहेत!"

मैदानात चौक पुन्हा जमत होते. मॅमॉ फळीवरून खाली उतरली, केस ठाकठीक केले आणि वर्जिलला पोट आत घ्यायला सांगत पुढे निघाली.